माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (६ ऑक्टोबर १७७९ – २० नोव्हेंबर १८५९) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील मुत्सद्दी, प्रशासक व इतिहासकार होता. पुणे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट, पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर या तीन नात्यांनी महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आला. पेशवाई बुडविण्यात ज्याचा हात सर्वांत मोठा होता, त्यानेच पुढे त्या राज्यातील वतने, इनामे, पंचायती व विद्वानांची दक्षिणा यांपैकी शक्य तेवढे टिकविण्याचा प्रयत्न केला. या विसंगतीमुळे त्याच्या चरित्राकडे अभ्यासकांचे लक्ष वारंवार वळले आहे. त्याच्या मनाचा ठाव घेण्याचे मुख्य साधन म्हणजे त्याने मागे ठेवलेली रोजनिशी, खाजगी पत्रे व कौटुंबिक कागदपत्रे होत. हा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

घराणे व बालपण

एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमधील जुने सरदार घराणे होय. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. वडील लष्करात अधिकारी असून एडिंबरो किल्ल्याचे गव्हर्नर होते. त्यामुळे त्याच्या बालपणाचा काही काळ त्या किल्ल्यावर गेला. किल्ल्यात ठेवलेल्या फ्रेंच युद्धकैद्यांकडून तो क्रांतिगीते शिकला व ती मोठ्याने म्हणत हिंडे, अशी आठवण त्याच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. एडिंबरो हायस्कूल व नंतर लंडनजवळील केन्सिंग्टन येथे त्याचे शिक्षण झाले.

चौथ्या मुलाच्या वाट्याला वडिलोपार्जित इस्टेट येण्याची शक्यता नव्हती. मात्र त्याचे चुलते विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन हे कंपनीचे एक वजनदार संचालक होते व पुढे ते कंपनीचे अध्यक्षही झाले. अशा घराण्यांतील धाकट्या मुलांना हिंदुस्थानातील नोकरीचा मार्ग त्या काळी सहज खुला होई. १७९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आतच, माउंटस्टुअर्ट जहाजावर चढला व १७९६ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला. पुढे काही काळ हंगामी गव्हर्नर जनरल झालेला जॉन अ‍ॅडम हा त्याचा आतेभाऊ याच प्रवासात त्याच्या बरोबर होता.

आरंभीची नोकरी

त्याची पहिली महत्त्वाची नेमणूक बनारसला झाली. १४ जानेवारी १७९९ रोजी अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याने तेथे उठाव करून चेरी या ब्रिटिश अधिकाऱ्याला ठार मारले. त्या दिवशी एल्फिन्स्टन घोड्यावरून निसटून थोडक्यात बचावला. बनारसमध्ये असतानाच त्याला वाचनाचे वेड लागले. फार्सी काव्य, ग्रीक व लॅटिन ग्रंथ आणि इतिहास हे त्याचे विषय असत. शाळेत अर्धवट राहिलेले शिक्षण त्याने असे स्वतःच्या हिमतीवर पुरे केले.

१८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेंटाचा साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. एडवर्ड स्ट्रॅची या मित्रासह कलकत्त्याहून दक्षिणेच्या वाटेने त्याने हा लांबचा प्रवास केला. सामानात पुस्तकांचा मोठा साठा होता. या प्रवासापासूनची त्याची रोजनिशी विशेष तपशीलवार आहे. दिवसभरात काय वाचले, किती मजल मारली, कोण भेटले, कोणती चूक झाली आणि मन उदास का झाले हे सारे तो त्यात लिही. स्वतःच्या आळसावर व अभिमानावर तो त्यात कठोर टीका करतो. ही टिपणे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती, त्यामुळे त्यांना पुराव्याचे मोल आले आहे.

१८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात जॉन माल्कम आजारी पडल्याने त्याच्या जागी एल्फिन्स्टनला जनरल आर्थर वेलस्लीच्या छावणीत पाठविण्यात आले. असई व आडगाव येथील लढाया आणि गाविलगडचा वेढा त्याने प्रत्यक्ष पाहिला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झालेल्या या सेनापतीचे त्याच्याविषयी इतके चांगले मत झाले की, हा मनुष्य मुलकी नोकरीऐवजी सैन्यात असावयास हवा होता, असे त्याने बोलून दाखविले. युद्ध संपल्यावर १८०४ मध्ये पंचविसाव्या वर्षी एल्फिन्स्टन नागपूरच्या भोसले दरबारी रेसिडेंट झाला.

काबूलची वकिलात

नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानवर चालून येईल, या भीतीने कंपनीने १८०८ मध्ये अफगाणिस्तानच्या शहा शुजाकडे वकील पाठविण्याचे ठरविले व त्यासाठी एल्फिन्स्टनची निवड केली. १३ ऑक्टोबर १८०८ रोजी दिल्लीहून निघालेले हे पथक बिकानेरच्या वाळवंटातून व मुलतानमार्गे फेब्रुवारी १८०९ मध्ये पेशावरला पोहोचले. जून १८०९ मध्ये तह झाला. परंतु लवकरच शहा शुजाची गादी गेली आणि तह कागदावरच राहिला. राजकीय दृष्ट्या निष्फळ ठरलेल्या या प्रवासातून मात्र काबूलच्या राज्याचे वर्णन करणारा त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अफगाण टोळ्या, त्यांच्या जिरगा, शेती व चालीरीती यांविषयी युरोपीय वाचकांना मिळालेली ही पहिली विस्तृत माहिती होती.

पुण्याचा रेसिडेंट

१८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट म्हणून रुजू झाला. वसईच्या तहाने (१८०२) दुसरा बाजीराव कंपनीच्या संरक्षणाखाली आला होता. पेशवा व दक्षिणेतील पटवर्धनादी जहागीरदार यांच्यातील तंट्यात मध्यस्थी करून एल्फिन्स्टनने १८१२ मध्ये पंढरपूर येथे समझोता घडवून आणला. या समझोत्याने पेशव्याच्या राज्यातही जहागीरदारांना कंपनीचे अभय मिळाले. बाजीरावाच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी रेसिडेंटाने हेरांची व बातमीदारांची विस्तृत यंत्रणा उभारली होती. बाळाजीपंत नातू हे तिच्याशी निगडित असलेले सर्वांत परिचित नाव होय.

२० जुलै १८१५ रोजी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते कंपनीच्या हमीवर पेशव्याच्या भेटीस आले होते. पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर खुनाचा ठपका ठेवून एल्फिन्स्टनने त्याला ताब्यात मागितले व ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवविले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून पळाला आणि दोन्ही पक्षांतील संशय विकोपाला गेला. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावाला मराठा संघाच्या प्रमुखपदावरील हक्क सोडावा लागला. हा तह पेशव्याच्या जिव्हारी लागला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी युद्धाला तोंड लागले. मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन नदीपलीकडे खडकीच्या छावणीत गेला. त्याची पाठ वळताच रेसिडेन्सी लुटून जाळण्यात आली. अनेक वर्षे जमविलेली पुस्तके, हस्तलिखिते व सामान त्यात नष्ट झाले. त्याच दुपारी खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. १७ नोव्हेंबरला पुणे कंपनीच्या हाती गेले व शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागले. शहराची लूट होऊ न देण्याची खबरदारी एल्फिन्स्टनने घेतली.

दख्खनचा कमिशनर

जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावण्याचे काम एल्फिन्स्टनकडे आले. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्याने बाजीरावाची सत्ता संपल्याचे घोषित करण्यात आले. त्याचबरोबर वतने, इनामे, वर्षासने व देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील, असे आश्वासन देण्यात आले. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमला शरण गेला. सालिना आठ लाख रुपये तनखा घेऊन त्याने ब्रह्मावर्तास उर्वरित आयुष्य काढले.

कॅप्टन रॉबर्टसन पुण्यास, पॉटिंजर अहमदनगरला, ब्रिग्ज खानदेशात, चॅप्लिन कर्नाटकात आणि ग्रँट डफ साताऱ्यास, अशी त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांची मांडणी होती. या सर्वांना त्याने प्रश्नावल्या पाठविल्या. पाटील-कुलकर्ण्यांचे अधिकार, मिरासदार व उपरी कुळे, बलुतेदारांचे हक्क, पंचायतीचा न्याय, शाळा व शिक्षा यांची माहिती मागविली. त्या उत्तरांवरून तयार झालेला त्याचा १८१९ चा अहवाल पेशवाईच्या अखेरच्या ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासासाठी आजही मूलभूत साधन मानला जातो. जुनी व्यवस्था चांगली असो वा सदोष, लोकांना ती परिचित आहे व घाईने मोडल्यास तिच्या जागी काहीच उरणार नाही, असा त्याचा विचार होता.

या सौम्य धोरणाला दुसरी बाजूही आहे. पुण्यात युरोपियनांना ठार मारून बाजीरावाला पुन्हा गादीवर आणण्याचा कट उघडकीस आला, तेव्हा एल्फिन्स्टनने मुख्य कटवाल्यांना तोफेच्या तोंडी दिले. अशा शिक्षेबद्दल पुढे कायदेशीर अडचण येऊ नये म्हणून सरकारकडून क्षमापत्र मागून घ्यावे, असा सल्ला मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी दिला. एल्फिन्स्टनने तो नाकारला. आपण केले ते योग्य असेल तर क्षमेची गरज नाही आणि अयोग्य असेल तर त्याचे फळ आपण भोगले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती.

मुंबईचा गव्हर्नर

१ नोव्हेंबर १८१९ रोजी एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकीर्दीतील दोन कामे चिरस्थायी ठरली. पहिले कायद्याचे. विखुरलेले नियम एकत्र करून १८२७ मध्ये जारी केलेली संहिता एल्फिन्स्टन कोड या नावाने ओळखली जाते. या कामाला जोडूनच आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे रीतिरिवाज शास्त्रीपंडितांना व जातपंचायतींना विचारून संकलित केले.

दुसरे काम शिक्षणाचे. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेची रक्कम पूर्ण बंद न करता तिचा एक भाग विद्येकडे वळविण्यात आला आणि १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढील डेक्कन कॉलेजची मुळे या पाठशाळेत आहेत. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली शाळा व शालेय पुस्तके तयार करणारी मंडळी पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष होता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्या लेखकांनी या संस्थेसाठी मराठी क्रमिक पुस्तके लिहिली. पंडितांनी तयार केलेला मराठी कोश (१८२९) व मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) हेही याच प्रयत्नांचे फळ होय. लोकांना शिकविण्याचा खर्च सरकारने उचलावा व प्राथमिक शिक्षण देशी भाषेतून द्यावे, हे मत त्याने आपल्या शिक्षणविषयक टिपणात मांडले.

शिक्षणामुळे आपली सत्ता एक दिवस संपेल, याची त्याला जाणीव होती. त्याच्या तंबूत मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने त्याविषयी विचारले असता, ही पुस्तके या देशातील लोकांसाठी आहेत, पण इंग्रजांच्या दृष्टीने ती मायदेशी परतण्याचा रस्ता आहेत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे ब्रिग्जने पुढे सांगितले.

नोव्हेंबर १८२७ मध्ये तो मुंबई सोडून गेला. त्याच्या स्मरणार्थ नागरिकांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमविला व त्यातून इंग्रजी भाषा, युरोपीय शास्त्रे व कला शिकविणारे प्राध्यापक नेमण्याचे ठरले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व पुढे एल्फिन्स्टन कॉलेज त्यातून उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नौरोजी, महादेव गोविंद रानडे हे या संस्थेशी विद्यार्थी वा अध्यापक या नात्याने जोडलेले होते.

उत्तरायुष्य

इजिप्त, ग्रीस, इटली असा प्रवास करीत एल्फिन्स्टन १८२९ मध्ये इंग्लंडला परतला. तेहतीस वर्षांनी झालेली ही मायदेशाची पहिली भेट होती. गव्हर्नर जनरलचे पद त्याला देऊ करण्यात आले, पण प्रकृतीचे कारण सांगून त्याने ते नाकारले. अविवाहित राहून, वाचन, लेखन व पत्रव्यवहार यांत त्याने पुढील तीस वर्षे काढली. हिंदू व मुसलमानी काळाविषयीचा त्याचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला व दीर्घकाळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला.

या काळातील पत्रांतून सरकारी धोरणावर तो स्पष्ट टीका करतो. शहा शुजाला काबूलच्या गादीवर बसविणे सोपे, पण टिकविणे अशक्य, असा इशारा त्याने पहिल्या अफगाण युद्धापूर्वीच दिला होता. त्या युद्धात काबूलच्या फौजेचा सेनापती असलेला जनरल विल्यम एल्फिन्स्टन हा त्याचा चुलतभाऊ होता. १८४२ च्या माघारीत जवळपास सारी फौज नष्ट झाली आणि हा चुलतभाऊ अफगाणांच्या कैदेतच मरण पावला. आपण बसविलेले साताऱ्याचे राज्य डलहौसीने वारस नसल्याचे कारण देऊन खालसा केले, याचाही एल्फिन्स्टनला धक्का बसला. साताऱ्याच्या सार्वभौम राज्याला जहागिरीसारखे वागविणे त्याला मुळीच मान्य नव्हते.

२० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातील हुकवुड येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये व मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचे पुतळे आहेत.

खाजगी व कौटुंबिक कागदपत्रे

एल्फिन्स्टन घराण्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात युरोपीय हस्तलिखितांमध्ये एफ ८७ ते एफ ८९ या क्रमांकांखाली जतन केलेले आहेत. त्यांतील एफ ८८ हा माउंटस्टुअर्टचा संग्रह होय. रोजनिश्या, स्ट्रॅची, अ‍ॅडम, माल्कम, विल्यम अर्स्किन आदी मित्रांशी झालेला पत्रव्यवहार, हाताखालील अधिकाऱ्यांची पत्रे, प्रवासाची टिपणे व ग्रंथलेखनाची साधने असे त्याचे स्वरूप आहे. उरलेल्या भागात त्याच्या चुलत्याच्या शाखेचे व पुतण्याचे कागद येतात.

हा पुतण्या म्हणजे जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. तो १८३७ ते १८४२ या काळात मद्रासचा व १८५३ ते १८६० या काळात, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या वेळी, मुंबईचा गव्हर्नर होता. चुलत्या-पुतण्यांच्या नावांत सामान्य वाचकाचा नेहमी घोटाळा होतो. कॉलेजचे नाव चुलत्याचे आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन सर्कल (आताचे हॉर्निमन सर्कल) व एल्फिन्स्टन रोड स्थानक (२०१८ पासून प्रभादेवी) यांना नाव मिळाले ते पुतण्यामुळे.

या कागदांचा पहिला मोठा उपयोग सर टी. ई. कोलब्रुक यांनी केला. रोजनिशी व पत्रांवर आधारलेले त्यांचे दोन खंडांचे चरित्र १८८४ मध्ये निघाले. त्याच वर्षी जी. डब्ल्यू. फॉरेस्ट यांनी त्याच्या सरकारी लेखनातील निवडक भाग संपादित केला. विसाव्या शतकात केनेथ बॅलहॅचेट व आर. डी. चोक्सी यांनी पेशवाईनंतरच्या राज्यव्यवस्थेचा अभ्यास करताना एल्फिन्स्टनच्या लेखनाचा व कागदांचा आधार घेतला. पुण्याच्या रेसिडेंटांचा सरकारी पत्रव्यवहार जदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली स्वतंत्र मालेत प्रसिद्ध झाला असून तिच्यात एल्फिन्स्टनच्या वकिलातीचे खंड आहेत.

मूल्यमापन

सरकारी पत्रांत एल्फिन्स्टन खंबीर व निश्चयी दिसतो, तर रोजनिशीत तोच मनुष्य शंकित, थकलेला, आपल्या कामाच्या योग्यतेविषयी स्वतःला प्रश्न विचारणारा आढळतो. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्याचे चित्र पुरे होत नाही. त्याच्याविषयी आदर बाळगणाऱ्यांनी शिक्षण व इनामांच्या रक्षणावर भर दिला. टीकाकारांनी हेरगिरी, तहांची सक्ती व तोफेच्या तोंडी दिलेली माणसे यांकडे बोट दाखविले. कागदपत्रांत या दोन्ही गोष्टी आहेत.

अभ्यासकाने एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. दुसऱ्या बाजीरावाचे भित्रा, कपटी व विलासी असे जे चित्र रूढ झाले, त्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन व त्याचे बातमीदार यांच्या लेखनातून आला आहे. हे लेखन प्रतिपक्षाचे आहे. त्याची पडताळणी पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांशी करणे आवश्यक ठरते. पेशव्यांचे दप्तर १८१८ मध्ये कंपनीने ताब्यात घेतले, ते एल्फिन्स्टनच्याच अमलात. इनामांच्या चौकशीसाठी सांभाळलेले हे कागद पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे भांडार ठरले. संगमावर जळालेले एल्फिन्स्टनचे कागद परत येणार नाहीत. मात्र लंडनमधील त्याची रोजनिशी व पुण्यातील मोडी रुमाल अभ्यासकांना उपलब्ध आहेत आणि पेशवाईच्या अखेरीचा समतोल इतिहास या दोहोंना शेजारी ठेवूनच लिहिता येतो.